यात शिकायचं काय असतं? तुम्ही विचारलंत म्हणून

‘जेंडर आणि लैंगिकता’ या विषयात एम.ए. करता येतं हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: यात शिकायचं काय असतं? प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, एरवी इतर विभागांतले सहकारी विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं कुणीतरी विचारतं. त्यात कुत्सितपणा असतोच असं नाही. बाई कोण, पुरुष कोण हे सगळ्यांना कळतं, बाकीचं चारचौघांत बोलायचं नसतं, मग दोन वर्षं वर्गात बसून करतात काय, असं त्यांना खरंच वाटत असतं. हा विषय शिकवणारी मी आजवर याचं दोन वाक्यांत उत्तर देत आले. ते दोन वाक्यांत बसत नाही.

एका आकड्यापासून सुरुवात करते. 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात पुरुष आणि स्त्री यांच्यासोबत ‘इतर’ हा पर्याय होता. त्यात देशभरातून 4,87,803 नोंदी झाल्या. हा आकडा ‘देशातल्या तृतीयपंथीयांची संख्या’ म्हणून आजही सर्रास छापला जातो. पहिल्या सत्रातल्या विद्यार्थ्याला आम्ही विचारतो, हा आकडा आला कुठून? प्रगणक दारात उभा, उत्तर देणारा बहुधा कुटुंबप्रमुख. घरातल्या पंचविशीच्या मुलाबद्दल बाप ‘इतर’ म्हणून सांगेल का? याच आकड्यात 54,854 नोंदी शून्य ते सहा वयाच्या मुलांच्या आहेत. तीन वर्षांच्या पोराची ओळख कुणी ठरवली, शरीर बघून की आणखी कशावरून? की नोंदीतच चूक झाली? शिवाय कितीतरी तक्त्यांत ही संख्या पुरुषांच्या रकान्यात मिळवलेली आहे. कल्याणकारी योजनांच्या चर्चेत हाच आकडा पुढे येतो. तेव्हा तो उलगडता येणं ही शिकून घ्यायची गोष्ट आहे, नुसत्या सहानुभूतीनं ती येत नाही.

दुसरा आकडा घरातला. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या माणसांचा पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदवला. घरच्यांसाठी केलेल्या बिनमोबदला घरकामात बायकांची 299 मिनिटं जातात, पुरुषांची 97, असं वर्तमानपत्रांत आलं. 97 वाचून बरं वाटतं, दीड तास म्हणजे काही कमी नाही. पण ही सरासरी त्या दिवशी असं काम ज्यांनी केलं फक्त त्यांची आहे. बायकांत असं काम करणाऱ्या 81.2 टक्के होत्या, पुरुषांत 26.1 टक्के. सगळ्यांना धरून सरासरी काढली तर बायकांची 243 मिनिटं होतात, पुरुषांची 25. दोन्ही जोड्या बरोबर आहेत. कुठली कशासाठी वापरायची, हे पेपरात विचारलं जातं आणि निम्मा वर्ग तिथेच अडखळतो.

पण तुमचा रोख आकड्यांकडे नसतोच, ‘लैंगिकते’कडे असतो. तिथे जास्त काळजी लागते, म्हणून तपशील देते. प्रबंधासाठी मुलाखत घ्यायची तर आधी संमती. सही घेतली की नाव कागदावर आलं, आणि तो कागदच उद्या त्या माणसाच्या अंगाशी येऊ शकतो. म्हणून बरेचदा संमती तोंडी घेतात, ध्वनिमुद्रित करतात, नाव बदलतात. नुसतं नाव बदलून भागत नाही. तालुक्याच्या गावात ‘एकुलती एक महिला रिक्षाचालक’ असं लिहिलं की गाव ओळखतं, म्हणून व्यवसाय आणि ठिकाणही बदलावं लागतं. खरी नावं आणि टोपणनावं यांची जुळणी वेगळ्या कुलूपबंद फाइलीत राहते. समोरची व्यक्ती अठरा वर्षांच्या आतली असेल तर मुलाखतीआधीच सांगावं लागतं की लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती गुप्त ठेवता येणार नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे नंतर सांगणं म्हणजे विश्वासघात. आणि एका तासाच्या मुलाखतीचा शब्दशः मजकूर उतरवायला पाच-सहा तास जातात. पुष्कळ प्रबंध याच टप्प्यावर रखडतात.

कायदाही पायाखालून सरकतो. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून दिल्ली उच्च न्यायालयानं 2 जुलै 2009 ला प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. त्या भरवशावर लोक बोलले. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, आणि आदल्या दिवशी संशोधनाचं साहित्य असलेल्या मुलाखती एका रात्रीत गुन्ह्याच्या कबुलीजबाबासारख्या झाल्या. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानंच असे संबंध पुन्हा गुन्ह्यातून वगळेपर्यंत हीच स्थिती होती. आता ‘संमती’ शिकवताना ती कुठल्या तारखेपर्यंत पुरते, हेही शिकवावं लागतं.

‘हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी मात्र मला एकाच खटल्यापाशी थांबायचंय. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, या कामापायी प्राध्यापकी सोडली, जुलै 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. ते त्यांच्या मृत्यूपर्यंत, 1953 पर्यंत निघत राहिलं. वाचक पत्रानं शंका विचारत आणि कर्वे अंकात उत्तर देत. हस्तमैथुनानं नुकसान होतं का, समलिंगी आकर्षण म्हणजे काय, अशा शंका. या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. बचावाला उभे राहिले बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर.

आंबेडकरांचा युक्तिवाद आम्ही वर्गात सावकाश वाचतो. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं लेखन अश्लील ठरत नाही. मासिक याच शिक्षणासाठी आहे, मग वाचकानं शंका विचारली तर उत्तर द्यायचं नाही का? शंका विकृत वाटत असेल तर ती ज्ञानानंच दूर होईल. लैंगिकतेचा इंग्रज अभ्यासक हॅवलॉक एलिस याच्या संशोधनाचा आधारही त्यांनी दिला. कर्वे हरले. दोनशे रुपये दंड झाला. उत्तरं खोटी होती असं नव्हे, ती द्यायलाच नको होती, हा त्यांच्यावरचा ठपका होता. तेव्हा अश्लीलतेची कसोटी 1868 च्या एका इंग्रजी निकालातली होती: ज्यांच्या मनावर वाईट परिणाम होऊ शकतो त्यांच्या हाती हा मजकूर पडला तर ते बिघडतील का? एवढंच बघायचं असेल तर मजकूर खरा आहे की खोटा, याला काही किंमतच उरत नाही. हे वाचताना मला आजही त्रास होतो. ज्यांनी पोस्टकार्ड खर्चून विचारलं, त्यांना पुढे कुणी उत्तर दिलं असेल?

इथे थांबून कर्व्यांना हार घालणं सोपं आहे. विद्यार्थ्याचं काम त्यापुढे सुरू होतं. अंक हाती घेतला की आधी मजकूर वेगळा करायचा: संपादकाचं लेखन, इतरांचे लेख, प्रश्नोत्तरं, जाहिराती. मग प्रश्नोत्तरांना प्रश्न विचारायचे. पत्र कोण लिहू शकत होतं? 1931 च्या जनगणनेत देशातली साक्षरता दहा टक्क्यांच्या आत होती, बायकांची तीन टक्क्यांच्याही आत. म्हणजे हा ‘समाज’ बहुतेक शिकलेल्या, शहरी, वरच्या जातींतल्या पुरुषांचा. पत्रं छापताना कापली गेली का? बायकोबद्दल नवरा विचारतो तेव्हा बायकोचं म्हणणं कुठे सापडतं? कुणी मुलं जन्माला घालावीत आणि कुणी नाहीत, हे ठरवू पाहणारा सुप्रजननाचा विचार त्या काळच्या संततिनियमनाच्या चळवळीत मुरलेला होता. तो कर्व्यांच्या लेखनातही शोधायचा, आणि सापडला की झाकायचा नाही. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे पुण्याच्या स्त्री अभ्यास केंद्रात जातीशिवाय लिंगभाव (जेंडर) वाचू नका असं सांगत असत, ते इथे लागू होतं. या खटल्याचा गौरव करणाऱ्या प्रबंधाला मी कमी गुण देते आणि त्याबद्दल माझ्यावर नाराजीही होते.

आता नोकरी. प्राध्यापकीसाठीच्या यूजीसी-नेट या पात्रता परीक्षेत ‘स्त्री अभ्यास’ हा स्वतंत्र विषय आहे, पहिला पेपर 100 गुणांचा, दुसरा 200 चा. 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागते आणि तीत एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. हे काम करणारे आमचे विद्यार्थी आहेत. आरोग्य, पाहणी, स्वयंसेवी संस्था यांत आहेत. पण कायमच्या प्राध्यापकीची आशा मी दाखवणार नाही. बऱ्याच स्त्री अभ्यास केंद्रांचं अनुदान पंचवार्षिक योजनेशी बांधलेलं होतं, 2017 मध्ये बारावी योजना संपली आणि तेव्हापासून कंत्राटी माणसं मुदतवाढीच्या पुढच्या पत्राची वाट बघत शिकवतात.

एका बाबतीत माझंच माझ्याशी जमत नाही. पूर्वी मी म्हणायचे, पदवीच्या नावात ‘लैंगिकता’ नको, ‘स्त्री अभ्यास’ पुरे. आज मला ते पटत नाही. ज्या विषयासाठी कर्व्यांनी दंड भरला, तो आपणच दारामागे का ठेवायचा? पण लातूर-नंदुरबारकडच्या मुलीला घरून परवानगी मिळते ती जुन्या नावावरच, हेही खरं. नाव बदललं तर तिची जागा जाते, न बदललं तर ती काय शिकते हे घरी सांगू शकत नाही. यावर विभागात वाद झाला की मी दोन्ही बाजूंनी बोलते.

तुमच्या मुलाला किंवा मुलीला प्रवेश घ्यायचाच असेल तर विभागाला तीन गोष्टी विचारा. कायम शिक्षक किती आहेत? प्रबंध मराठीत लिहिता येतो का, आणि तो मराठीत तपासणारा मार्गदर्शक आहे का? कारण वाचायचं बहुतेक इंग्रजीत असतं आणि पहिल्या सत्रात गळती होते ती त्यामुळेच. आणि मुलाखती सुरू करण्याआधी संशोधनाच्या नैतिकतेची तपासणी कोण करतं? तिसऱ्याचं उत्तर ‘गरज पडत नाही’ असं आलं, तर दुसरा विभाग बघा.