दोन स्कूप भात, एक स्कूप मॅक: हवाईतलं दुपारचं जेवण

हवाईहून परतलेली आपली मंडळी किनारे, ज्वालामुखी, पर्ल हार्बर यांवर भरभरून बोलतात आणि जेवणाचा विषय निघाला की ‘एक थाई सापडलं, एक इंडियन, बाकी हालच’ एवढ्यावर आटोपतात. हॉटेलातल्या लुआऊचं, म्हणजे नाच-गाण्यासह मेजवानीचं, भलं मोठं बिल भरून आलेले तर त्याहून वैतागलेले असतात. मला विचाराल तर ते लुआऊ सरळ सोडा. नाच छान असतो, जेवण लग्नाच्या हॉलमधल्या बुफेसारखं कोमट. त्या पैशात चार माणसं दोन-तीन दिवस दुपारी पोटभर प्लेट लंच खातील, आणि बेटं कोणी वसवली हेही ताटातच कळेल.

प्लेट लंच म्हणजे आइस्क्रीमच्या स्कूपने वाढलेले भाताचे दोन गोळे, मॅकरोनी सॅलडचा एक गोळा आणि शेजारी मांस किंवा मासा. भात मध्यम दाण्याचा, चिकट, आपल्या इंद्रायणीच्या जवळ जाणारा. बासमतीच्या सवयीने ‘जास्त शिजलाय’ म्हणू नका, तो असाच असतो. मॅकरोनीही मुद्दाम मऊ शिजवलेली असते आणि भरपूर मेयोनीजमध्ये कालवलेली, फार तर थोडं किसलेलं गाजर. पहिल्या घासाला बेचव वाटते. पण शेजारची तेरियाकी (सोया सॉसमध्ये मुरवून भाजलेलं मांस) गोड-खारट असते, कात्सू (ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेलं मांस) तळलेली, आणि त्यांच्यामध्ये हा थंड, मऊ घास बरा वाटायला लागतो. मला आवडायला वेळ लागला, बायकोला अजून आवडलेला नाही.

हे सगळं उसाच्या मळ्यांतून आलं. १८३५ मध्ये काउआई बेटावर कोलोआला पहिला मोठा मळा उभा राहिला आणि मग मजूर येत गेले: १८५२ पासून चिनी, १८७८ पासून पोर्तुगीज, १८८५ पासून कराराने आलेले जपानी, नंतर पोर्तो रिको, कोरिया, फिलिपिन्सचे. दुपारी शेतात दोन मजली पत्र्याचा डबा उघडायचा, खाली भात, वर कालवण, आणि शेजारच्याशी वाटावाटी. पुढे मळ्यांवर आणि बंदरावर गाडीवरून जेवण विकणारे आले, त्यांतून आजची खिडकीवाली दुकानं. शेवटचा साखर कारखाना, माउईचा, २०१६ मध्ये बंद झाला, ताट मात्र चालूच आहे. मजुराचं जेवण असल्याने ते भरपूर असतं, लवकर मिळतं आणि सजावटीच्या भानगडीत पडत नाही. तशाच अपेक्षेने जा.

आता कुठे. ओआहू बेटावर, होनोलुलूच्या वैकीकी या किनाऱ्यावरच्या भागात उतरला असाल तर प्राणीसंग्रहालयाच्या बाजूने कापाहुलु अव्हेन्यूवर चालायला लागा. पंधरा-वीस मिनिटांत कनाइना अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर रेनबो ड्राइव्ह-इन लागतं. १९६१ मध्ये सेइजू इफुकू यांनी ते सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात ते जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांच्या १००व्या बटालियनमध्ये स्वयंपाकी होते. आत बसायची भानगड नाही: खिडकीतून ऑर्डर, खिडकीतूनच ताट, बाहेर छपराखाली टेबलं. बारा वाजता रांग मोठी असते पण भराभर सरकते, म्हणून फळा आधी वाचून ठेवा. खिडकीशी पोहोचल्यावर घरच्यांशी चर्चा सुरू केलीत तर मागचे काही बोलणार नाहीत, पण नजरा कळतात. आम्ही साडेदहाला गेलो, आणि तेच योग्य.

तिथली मिक्स प्लेट प्रसिद्ध आहे, पण तिच्यात बीफ तेरियाकी असते. आमच्या घरात गोमांस नाही, मी डुकराचं खातो, बायको चिकन-मासे, आई शाकाहारी. तुमच्याही घरी अशीच वाटणी असेल तर हा भाग नीट वाचा. बोनलेस चिकन आणि माही-माही मासा या दोन प्लेट बिनधोक, पण ऑर्डर देतानाच ‘नो ग्रेव्ही’ म्हणा. तपकिरी ग्रेव्ही सहसा बीफची असते आणि विचारल्याशिवाय ती भातावरही ओतली जाऊ शकते. बहुतेक ठिकाणी मॅकऐवजी हिरवं सॅलड मागता येतं, त्याला ‘टॉस’ म्हणतात. मॅक नको, सगळा भातच हवा असेल तर ‘ऑल राइस’. भूक बेताची असेल तर ‘मिनी’ आहे का विचारा. मिनीत एक स्कूप भात असतो आणि मला तोही पुष्कळ झाला.

आम्ही टेबलाशी बसलो तर पायाशी साळुंक्या. अगदी आपल्याच, पिवळ्या चोचीच्या, तितक्याच भांडकुदळ. पिकांवरचे किडे खाण्यासाठी १८६५ मध्ये त्या भारतातून मुद्दाम नेल्या होत्या. आता त्या किडे सोडून कात्सूचे तुकडे पळवतात. ताट उघडं ठेवून उठू नका.

त्याच रस्त्यावर पुढे गेलात की लेनर्ड्स बेकरी, १९५२ ची, पोर्तुगीज मालासादांसाठी. मालासादा म्हणजे तळून साखरेत घोळवलेला मऊ गोळा, गरमच खायचा. त्यात अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मात्र वरची सगळी दुकानं ‘लोकल’ खाण्याची. मूळ हवाईयन माणसांचं जेवण वेगळं, आणि तिथले लोक हा फरक पाळतात. त्यासाठी होनोलुलूच्याच कालिही भागात नॉर्थ स्कूल स्ट्रीटवर हेलेनाज हवाईयन फूड गाठा. हेलन चॉक यांनी १९४६ मध्ये सुरू केलेली ही साधी खानावळ. २००० मध्ये तिला जेम्स बिअर्ड फाउंडेशन या अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातल्या मानाच्या संस्थेचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला, तरी आत त्याचा बडेजाव नाही. मंगळवार ते शुक्रवारच उघडी असते, तेव्हा सहलीचा आराखडा करताना हे आधी बघा. शनिवार-रविवारच्या भरवशावर राहिलात तर बंद दार बघून परताल. गाडी लावायला जागा मिळणं अवघड. वैकीकीहून स्कूल स्ट्रीटला जाणारी बस धरा.

इथे चुलीवर टांगलेल्या बीफच्या फासळ्या दिसतात, ती पिपीकाउला. दुकानाचा सगळा लौकिक त्यावर, आणि आम्ही ती फक्त पाहिली. पण आमच्यासाठी खरा पदार्थ होता अळू. हो, आपलंच अळू. हवाईयन लोक त्याला कालो म्हणतात आणि त्यांच्या जुन्या कथांत ते माणसाचं थोरलं भावंड आहे. पानांत डुकराचं मांस आणि खारवलेला मासा गुंडाळून तासन्‌तास वाफवलं की लाउलाउ. बाहेरचं टी नावाच्या झाडाचं पान खायचं नाही, ते सोडून आतलं खायचं. आत अळूचं पान इतकं शिजलेलं की बोटाने विरघळावं. बायकोने स्क्विड लुआऊ घेतलं (हे लुआऊ म्हणजे मेजवानी नव्हे, पदार्थ): अळूची पानं, नारळाचं दूध, माकूळ. एक घास घेतला आणि म्हणाली, ‘अहो, हे अळूचं फदफदंच, फक्त चिंच-गूळ नाही.’ खाज येईल ही तिची भीती होती, आली नाही. आपण चिंच घालतो, ते वेळ घालतात.

सगळ्याबरोबर कच्चा कांदा आणि जाडं मीठ येतं. आईने हे पाहिलं आणि पहिल्यांदा त्या टेबलावर तिचा चेहरा खुलला.

पोई अळकुड्यांची: शिजवून, कुटून, पाणी घालून केलेली जांभळट राखाडी खळ. नुसती चाखून तोंड वाकडं करणारे पर्यटक तिथल्या लोकांनी खूप पाहिले आहेत, त्यांत भर घालू नका. ती खारट मांसाबरोबर खायची, आपण झणझणीत रश्शाबरोबर भाकरी खातो तशी. एक-दोन दिवस ठेवलेली पोई आंबटसर होते, आणि कित्येकांना तीच आवडते. मला ताजी बरी वाटली.

शाकाहारी माणसाला घेऊन जाणाऱ्यांनी भ्रमात राहू नये: या दुकानांत त्यांच्यासाठी फार काही नाही. मॅकमध्ये मेयोनीज, म्हणजे अंडं, आणि कधी ट्यूनासुद्धा. सायमिन नावाच्या नूडल्सचा रस्सा मासा-कोळंबीचा. अळूच्या लुआऊत स्क्विड किंवा चिकन. भातावर भुरभुरलेल्या फुरिकाकेत बहुधा सुकी मासळी. उरतं काय? भात, पोई, जांभळं रताळं आणि हाउपिया. हाउपिया म्हणजे नारळाच्या दुधाच्या थंडगार वड्या, कॉर्नस्टार्चवर जमवलेल्या, त्यात जिलेटिन नसतं. आईने त्या हेलेनाजमध्ये दोनदा मागवल्या. शिवाय झिपीज ही १९६६ पासूनची स्थानिक साखळी आहे, तिच्याकडे बिनमांसाची चिली मिळते, भातावर घालून. बसायला गारेगार जागा, स्वच्छतागृह, आणि ज्येष्ठांना सोयीचं. आम्ही मेतकूट आणि लिंबाचं लोणचं बरोबर नेलं होतं. चिकट भातावर मेतकूट अप्रतिम लागतं, नक्की न्या.

शनिवार सकाळ मोकळी असेल तर डायमंड हेड या वैकीकीजवळच्या जुन्या ज्वालामुखीच्या डोंगराच्या पायथ्याशी, कापिओलानी कम्युनिटी कॉलेजच्या आवारात शेतकरी बाजार भरतो. फळं तिथे घ्या. डायमंड हेड चढणार असाल तर बाहेरच्यांना २०२२ पासून आगाऊ नोंदणी लागते. सकाळी लवकरची वेळ घ्या, उतरून मॉन्सारात अव्हेन्यूवर जेवा. तिथे प्लेट लंचची दोन-तीन चांगली दुकानं एकमेकांजवळ आहेत, आणि चढून आल्यावर रेनबोइतकं चालायची ताकद उरत नाही.

उत्तर किनाऱ्यावर गाडीने जाणाऱ्यांनी काहुकूला थांबावं. हाही जुना साखरेचा गाव, आता कोळंबीच्या गाड्यांसाठी ओळखला जातो. जोव्हानीज ही पांढरी गाडी सर्वांत प्रसिद्ध, पाहुण्यांच्या सह्यांनी गिरगटलेली. लसूण-लोण्यातली कोळंबी सालीसकट येते, हात बरबटतात, ओले टिश्यू जवळ ठेवा. लसूण बेसुमार. आपल्याला हे दोष वाटणार नाहीत. थोडी रोकड ठेवा, सगळ्या गाड्या कार्ड घेतीलच असं नाही. बेकरीचं गोड हवं असेल तर सनसेट बीचजवळ टेड्स बेकरी, चॉकलेट-हाउपिया पायसाठी.

बिग आयलंडवर, म्हणजे हवाई या सर्वांत मोठ्या बेटावर, हिलो गावाला गेलात तर किलाउएआ अव्हेन्यूवरचं कॅफे १०० चुकवू नका. हेही त्याच १००व्या बटालियनमधून परतलेल्या रिचर्ड मियाशिरो यांनी १९४६ मध्ये उघडलेलं, नाव तिथूनच आलं. १९४६ आणि १९६० अशा दोन त्सुनामींनी ते उद्ध्वस्त केलं, तरी पुन्हा उभं राहिलं. लोको मोको याच गावचा: भात, त्यावर बीफ पॅटी, वर तळलेलं अंडं आणि ग्रेव्ही. १९४९ मध्ये लिंकन ग्रिल या दुकानात खेळाडू पोरांसाठी तो प्रथम केला गेला, असं सांगतात. कॅफे १०० मध्ये तो बीफऐवजी मासा किंवा चिकन घालूनही मिळतो, पण ग्रेव्हीची सूचना इथेही द्याच. ज्वालामुखी उद्यान इथून पाऊण तासावर आहे आणि वर थंडी असते, तेव्हा जेवून जा.

खर्चाचं बघायचं तर साधी प्लेट साधारण १२ ते १८ डॉलर. फळ्यावरच्या किमतीवर ओआहूत ४.७१२ टक्क्यांपर्यंत कर लागतो. जवळपास सगळा माल जहाजाने येतो, म्हणून कॅलिफोर्नियाहून जाणाऱ्यांनाही किमती जास्तच वाटतील. दोन माणसांत एक प्लेट आणि एक जादा भात, हा हिशेब आम्हाला परवडला. उरलेलं बांधून न्यायला कोणी हसत नाही, खोका आधीच बंद करता येण्याजोगा असतो. होनोलुलूत बसने फिरणार असाल तर होलो कार्ड घ्या, दिवसाचं भाडं एका मर्यादेवर थांबतं. बसमध्ये मात्र उघडं जेवण खायचं नाही.

परतताना विमानतळावर शेतमालाची तपासणी असते. अननस अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नेता येतो. बाजारात घेतलेला आंबा मात्र हॉटेलातच संपवून निघा.