तुम्ही विचारलंत म्हणून: आजी-आजोबांचा लळा

"तुमचे आई-वडील वर्षातून तीन-चार वेळाच येतात, तरी लेकीला त्यांचा एवढा लळा कसा? आमचे पोर तर आजोबा दिसले की पदराआड लपते," असे शाळेतल्या मैत्रिणी मला नेहमी विचारतात. रक्ताची ओढ असते, असे म्हणून विषय संपवता येईल, पण ते खरे उत्तर नाही. माझे बाळंतपण सेलूजवळच्या गावी, माहेरी झाले आणि पहिले तीन महिने लेक आजीच्या मांडीवरच वाढली. तरीही दहाव्या महिन्यात आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, छत्रपती संभाजीनगरला आमच्याकडे आले, तेव्हा आबांचा पांढरा पटका दारात दिसताच तिने असा टाहो फोडला की आईचे डोळे भरून आले.

त्या वयात असे होतेच. साधारण सातव्या-आठव्या महिन्यापासून मूल रोजची माणसे कोण आणि परकी कोण हे ओळखू लागते. आपल्याला मात्र ते मनाला लागते, आणि "जा ना, आजोबाच आहेत" म्हणत आपण रडते मूल बळेच त्यांच्या कडेवर देतो. माझ्या मते सारे बिघडते ते तिथेच. आबांनी तिला घेतलेच नाही. ते भिंतीला टेकून, तिच्याकडे न पाहता बसले आणि कमरेची पानसुपारीची चंची काढून तिची दोरी सोडू लागले. चार कप्प्यांची ती सुती चंची त्यांनी आधी झटकून रिकामी केली होती, कारण सुपारीचे खांड एवढ्या लहान लेकराच्या घशात अडकू शकते. एक कप्पा उघडायचा, आत डोकावायचे, मिटायचा, मग दुसरा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती रांगत त्यांच्या गुडघ्यापाशी गेली आणि तिसरा कप्पा तिने स्वतःच्या बोटांनी उघडला. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या मांडीवर होती.

आईची रीत वेगळी. ती पाहुणी म्हणून बसत नाही. गावाकडची ज्वारी घेऊन येते आणि आमच्याकडेच निवडते. सूप पाखडण्याचा आवाज सुरू झाला की लेक आपली ताटली घेऊन शेजारी फतकल मारते, खडा सापडला की दोघी मिळून तो गॅलरीतल्या कुंडीत टाकून येतात, आणि संध्याकाळी तव्यावरची पहिली चानकी, म्हणजे छोटी भाकरी, तिचीच असते. दर मुक्कामाला हेच, याच क्रमाने घडते. खेळणी किती आणली, यापेक्षा हे न चुकता पुन्हा घडणे मुलाला अधिक कळते, असे मला मनापासून वाटते.

ते येतात शेतीच्या सवडीने: सोयाबीनची रास झाल्यावर, ज्वारीची काढणी उरकल्यावर, आणि पेरण्या वेळेवर झाल्या तर आषाढात. मी शेंडेफळ, त्यामुळे आबांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. 2022 पासून त्या वयाच्या पुढे एसटीचा प्रवास मोफत आहे आणि 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट, म्हणून अलीकडे एखादी खेप वाढली.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली, तीही सांगते. लेक रडेल म्हणून सुरुवातीला ते दोघे ती झोपेत असताना निघून जात. उठल्यावर तिने पलंगाखाली पाहिले, मोरीत पाहिले, आणि पुढचे दोन दिवस मला न्हाणीघरातही एकटे जाऊ दिले नाही. माणूस डोळे मिटले की नाहीसे होते, हे आम्हीच तिला शिकवले होते. तेव्हापासून आदल्या रात्री आई तिला मांडीवर घेऊन सांगते, "उद्या आम्ही यष्टीनं गावाला जाणार, रास झाली की येणार." ती रडते, आणि आम्ही रडू देतो, पण रिक्षा वळेपर्यंत ती हात हलवते आणि नंतर कुणाला शोधत बसत नाही.

मधल्या महिन्यांत फोनचा आधार असतो. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, असे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सांगते. लेक त्या वयाची होती तेव्हाही आम्ही त्या सवलतीचा मनापासून उपयोग केला. मात्र "आबांना पापा दे, गाणे म्हण" असा हुकूम कुणी करत नाही. मागच्या मुक्कामात आबा ती जुनी चंची इथेच ठेवून गेले. आता लेक सव्वादोन वर्षांची आहे, फोन लागला की आबा विचारतात, "चंचीत काय हाय?" आणि ती एकेक कप्पा उघडून दाखवते. परवा शेवटच्या कप्प्यातून वाळलेल्या चानकीचा तुकडा निघाला. तो तिने पडद्याला लावला, आणि पलीकडे आबांनी तोंड उघडले.