एचएमव्ही १०२: चावी, मोटर आणि गव्हर्नर

मंडळी, सहा रविवार या एकाच कामात गेले, म्हणून सविस्तर लिहितो. यंत्र एचएमव्ही १०२, म्हणजे १९३१ साली आलेला, चावीवर चालणारा पोर्टेबल ग्रामोफोन. पूर्ण चावी दिली तरी रेकॉर्ड संपता संपता गाणं उतरायचं. नाट्यपदाची १० इंची रेकॉर्ड लावली आणि शेजारी पेटी घेऊन बसलो. सुरुवातीचा सा काळी एकवर बसत होता, शेवटचा पांढरी एकच्या किंचित वर. जवळजवळ एक पट्टी गेली! रेकॉर्डखाली कागदाचा चिठोरा सरकवून फेरे मोजले, तर पहिल्या मिनिटाला ७८ आणि शेवटच्या मिनिटाला ७४. गणितही पट्टीशी जुळलं.

चावीनं गुंडाळली जाते ती स्प्रिंग म्हातारी झाली, असं मी ठरवून टाकलं आणि मोटर बसवायला घेतली. मूळ यंत्राला एकही भोक पाडायचं नाही, ही अट मात्र पाळली. १२ व्होल्टची छोटी डीसी मोटर बाहेर लाकडी पाटावर बसवली, रबरी पट्टा थेट तबकाच्या (रेकॉर्ड ठेवतात त्या फिरत्या थाळीच्या) कडेवरून घेतला आणि गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, तात्पुरता सोडवून ठेवला. वीज आहे म्हटल्यावर त्याचं काय काम, असं तेव्हा वाटलं होतं.

वेग ७८ आहे का ते तपासायला ७७ रेघांचा स्ट्रोब कागद छापला. तो तबकावर ठेवायचा; वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली रेघा जागीच उभ्या दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा मिनिटाला ६००० वेळा लुकलुकतो. ६००० भागिले ७७ म्हणजे ७७.९२. अमेरिकी कागदावर ९२ रेघा असतात, तो इथे चालत नाही. एलईडी बल्बखाली रेघा नीट दिसल्या नाहीत. जुनी चोकवाली ट्यूबलाइट लावली तेव्हा त्या स्वच्छ उभ्या राहिल्या.

आणि मोटरवर गाणं चक्क चढायला लागलं! सुरुवातीला ७६, शेवटाला ७९. दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, की सुई बाहेरच्या कडेला असते तेव्हा ती मध्यापासून साधारण १२ सेंटिमीटरवर घासते, शेवटी जेमतेम ५ सेंटिमीटरवर. घर्षण तेवढंच, पण तबक अडवायची ताकद निम्म्याहून कमी. ओझं हलकं होईल तशी मोटर पळते. आपला साउंडबॉक्स (सुई बसवलेली, आवाज काढणारी डबी) काही एलपीच्या पिकअपसारखा दोन ग्रॅमचा नाही, त्यामुळे हा फरक कानाला सरळ कळतो.

मग गव्हर्नर परत जोडला आणि मोटरला गरजेपेक्षा थोडा जास्त जोर दिला. रेघा उभ्या राहिल्या त्या शेवटपर्यंत. पातळ पट्ट्यांवरचे ते तीन गोळे वेग वाढला की फाकतात, चकती ओढून फेल्टवर टेकवतात आणि जादा जोर तिथे खर्ची पडतो. म्हणजे गव्हर्नर फक्त अडवू शकतो, ढकलू शकत नाही. शिलकीत जोर असेल तरच ७८ टिकणार. एवढं समजल्यावर माझ्या स्प्रिंगकडे मी नव्यानं बघितलं. तिच्यात जोर नव्हता, की मधे कुणी तो खात होतं?

चौथ्या रविवारी स्प्रिंगचा डबा उघडला. (चावी पूर्ण उतरल्याशिवाय आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय हे करू नका. सुटलेली स्प्रिंग बोटं फाडते.) आत ग्रीसचं डांबर झालं होतं, वेटोळी एकमेकांना चिकटलेली. वाजताना मधूनच गचका बसायचा तो याचाच. रॉकेलनं धुतलं, पुसून कोरडं केलं, ग्राफाइट ग्रीस भरलं. गव्हर्नरच्या एका गोळ्याचा स्क्रू सैल होता तो आवळला, दगडासारखं झालेलं फेल्ट बदलून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले. स्प्रिंग तीच ठेवली, मूळची.

आता चावीवर १० इंची रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ७८. सा काळी एकवरच संपतो. तो शेवटचा सा जुळला तेव्हा मी पेटीवरचा हात उचललाच नाही, तसाच बसून राहिलो.

रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रांत वीज काही स्प्रिंगनंतर आलेली नाही, याचं अनेकांना नवल वाटेल. एडिसनचा १८८८चा फोनोग्राफ बॅटरीवरच्या मोटरवर फिरायचा. पण त्या ओल्या, आम्लाच्या बॅटऱ्या घरात कोण सांभाळणार? ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर, त्याचे सुरुवातीचे ग्रामोफोन तर वाजत असताना हातानं फिरवत राहावे लागत, ताल सांभाळणं सगळं मनगटावर. १८९६ मध्ये कॅम्डेनच्या एल्ड्रिज जॉन्सननं बर्लिनरच्या यंत्राला स्प्रिंगची मोटर दिली आणि हात मोकळा झाला. त्या स्प्रिंगबरोबर गव्हर्नर होताच.

मोटर मी काढून ठेवली आहे. तिची घरघर पत्र्यातून साउंडबॉक्सपर्यंत पोचते आणि तानपुऱ्याच्या जागी तीच ऐकू येते. दुसरं म्हणजे, फार जुन्या रेकॉर्ड सगळ्या ७८च्या नाहीत, काही ७६च्या, काही ८०च्या. गव्हर्नरची दांडी केसभर सरकवली की काम होतं. मात्र दुरुस्तीनंतर तबक तासन्‌तास फिरवून बघायचं असेल, तर मोटरचा पाट फार सोयीचा आहे. बनवून ठेवाच.

पुढच्या रविवारी १२ इंची लावणार. एका चावीत चार मिनिटांच्या वर ७८ टिकतंय का, ते त्यातच कळेल.