मोमिनपुऱ्यातल्या गच्चीवर, दोन अठ्ठेचाळीसला

२८ मेच्या सकाळी सेवाग्राम एक्सप्रेसने नागपूरला उतरलो. कडक उन्हाचा नवतपा लागलेला, त्यामुळे डोक्याला दुपट्टा बांधूनच ऑटोत बसलो. मोमिनपुरा स्टेशनापासून जवळच. तिथे माझ्या कॉलेजमित्राचे वडील राहतात. त्यांनी आयुष्यभर उर्दू शाळेत गणित शिकवलं. फोनवर त्यांनी बजावलं होतं, "बेटा, येणारच असशील तर २८ लाच ये. दुपारी दोन अठ्ठेचाळीसला गच्चीवर काम आहे."

अडीचला वर गेलो. फरशीचे चटके चपलेतूनही लागत होते. सरांनी टाकीच्या पाइपला गवंड्याचा ओळंबा टांगला, तो हलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि वेळ होताच दोरीच्या सावलीवर खडूने रेघ ओढली.

"या मिनिटाला सूर्य मक्केतल्या काब्याच्या बरोबर डोक्यावर आहे. इथून सूर्याच्या दिशेला तोंड केलं की झाला किब्ला, नमाजाची दिशा."

दोनच दिवसांपूर्वी सूर्य नागपूरच्या डोक्यावर होता, शून्य सावलीचा दिवस. मक्का जराशी उत्तरेला, म्हणून तिथे तो दोन दिवसांनी पोचतो. जुलैच्या मध्यात परतताना पुन्हा एकदा.

मग त्यांनी होकायंत्र ठेवून पूर्व-पश्चिम रेघ मारली. दोन रेघांमध्ये साधारण ८ अंशांचा कोन निघाला! मी गोंधळलो. नागपूर २१.१ अंश उत्तर, मक्का २१.४, मग किब्ला जवळपास सरळ पश्चिमेला हवा ना? संत्र्यांचा हंगाम सरलेला, म्हणून सरांनी मोसंबी मागवली. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. एकाच उंचीवर दोन ठिपके काढून त्यांमध्ये दोरा ताणला, तर तो देठाकडे सरकला. गोलावरचा जवळचा रस्ता असा वाकतो. चार हजार किलोमीटरांत ८ अंशांचा फरक पडतो तो यामुळे.

हे गणित विद्वान अल-बिरुनीने १०२५ च्या सुमारास गझनीसाठी मांडलं होतं. चौदाव्या शतकात दमास्कसच्या खगोलशास्त्रज्ञ अल-खलीलीने अक्षांश-रेखांशांनुसार किब्ल्याचं कोष्टकच केलं, जवळपास ३००० नोंदींचं. कॅल्क्युलेटर नसताना! मला तर ते आकडे वाचूनच भरून येतं. आणि या गणिताला लागणारी 'ज्या', म्हणजेच 'जीवा', आपल्याकडची. 'जीवा'चं अरबीत 'जीब' झालं, ते 'जैब' (कपड्याची घडी, खिसा) असं वाचलं गेलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धरून 'सायनस' केलं, त्यातून साइन. सरांनी कुर्त्याच्या खिशावर हात ठेवला. "जेब. हाच शब्द."

विज्ञान आणि इस्लाम म्हटलं की लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, दोघांचं जन्माचं वैर. दुसरा म्हणतो, सगळे शोध ग्रंथात आधीच आहेत. सरांना दोन्ही पटत नाही. "तोंड कुठे करायचं ते कुराण सांगतं. किती अंशांवर, ते तुम्ही काढा, असं मी पोरांना सांगायचो." आणि त्यांनी पुढचंही लपवलं नाही: इस्तंबूलमधली खगोलशास्त्रज्ञ तकीउद्दीनची वेधशाळा उभी राहून जेमतेम तीन वर्षं झाली होती, तोच १५८० मध्ये सुलतानाच्या हुकमाने पाडली गेली. हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता.

संध्याकाळी फरशी निवली. गुडघ्यांमुळे सर मशिदीचे जिने चढत नाहीत. त्यांनी खडूच्या रेघेला धरून जानमाज, नमाजाचं आसन, अंथरलं, एक कोपरा वाकडा वाटला, तो परत सरळ केला.