हायडा प्यायला फिस्परटर्मिनेनला: उतरणीने काढलेला घाम

स्वित्झर्लंडमधल्या फिस्परटर्मिनेन गावची, हायडा या तिथल्या पांढऱ्या वाइनसाठीची ही सहल मुंबईत ‘द्राक्षमळ्यातून निवांत फेरफटका’ म्हणून विकली गेली, वर झुरिकपासून खासगी गाडीचे पैसे वेगळे. गाडीची अजिबात गरज नाही. झुरिकच्या मुख्य स्टेशनवरून पायथ्याच्या फिस्पला थेट ट्रेन आहे, साधारण दोन तासांची. तिथून पिवळी पोस्टबस वर गावात नेते. स्विस ट्रॅव्हल पास दोन्हीकडे चालतो.

आता तो निवांत फेरफटका, म्हणजे गावातून मळ्यांमधून पायी खाली फिस्पपर्यंत. गाव साडेतेराशे मीटरच्या आसपास, फिस्प 650 वर. म्हणजे सातशे मीटर उतरण, तीही गुडघ्यांवर. द्राक्षमळे साधारण 650 ते 1150 मीटरवर, युरोपातल्या सर्वांत उंच मळ्यांत मोजले जाणारे. कोकणातल्या गडग्यांसारखे चुन्या-सिमेंटविना रचलेले दगडी बांध आणि दोन बांधांमध्ये वेलींच्या जेमतेम काही ओळी. ट्रॅक्टर वळायला जागाच नाही, म्हणून छाटणीपासून काढणीपर्यंत सगळं हाताने. बांध दिवसा तापतात, रात्री गारठा पडतो. पिकलेल्या द्राक्षात आंबटपणा टिकतो तो त्यामुळे. पण तीच धग दुपारी तुमच्या अंगावर येते. सावली नाही. सह्याद्रीत उन्हाळ्यात ट्रेक करणाऱ्यालाही दुपारी बारानंतर उतरू नका असंच सांगेन. माणशी दोन लिटर पाणी, ट्रेकिंग पोल, घट्ट सोलचे बूट. वाटेतल्या पिवळ्या दिशादर्शक पाट्यांवरची वेळ न थांबता चालण्याची असते, दीडपट धरा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरच बाटल्या घेणं. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास. तीन घेतल्या की पाठीवर पावणेचार किलो, आणि उतारावर तोल पुढे जातो. खरेदी उतरल्यावर करा. रविवारी दुकानं बहुधा बंद, तो वार टाळा.

रेस्टॉरंटमध्ये मेनूवरचा भाव बहुतेकदा 1 डेसिलिटरचा, म्हणजे 100 मिलीचा असतो. नुसतं ‘एक ग्लास’ म्हणू नका, ‘आइन डेत्सी’ (एक डेसिलिटर) म्हणा. नाहीतर दोन डेसिलिटर ओतले जातात आणि बिल दुप्पट.

वाइन मात्र पैसे वसूल. हायडा म्हणजे साव्हान्यँ ब्लाँ जातीचं द्राक्ष. वाइन कोरडी (गोड नसलेली), अंगाने भरलेली, लिंबू आणि सुक्या मेव्याची चव. फांदाँ ही इथली दुसरी पांढरी वाइन त्यापुढे पाणचट लागते. स्विस वाइन देशाबाहेर फारच थोडी जाते, म्हणून इथूनच न्या. झरमॅट तासाभरावर आहे, गर्दी आवडत असेल तर जा.

परतीला भारतात माणशी 2 लिटर मद्य करमुक्त. 750 मिलीच्या दोन आणि 375 मिलीची एक बसते. मोठ्या तीन म्हणजे 2.25 लिटर, 2 लिटरच्या पुढच्या भागावर कस्टम ड्युटी लागते. बाटल्या चेक-इन बॅगेत, जीन्समध्ये गुंडाळून, मधोमध. केबिन बॅगेतली सिक्युरिटीवर जाईल.

घरी फ्रिजमधून काढून वीस मिनिटं थांबा, 10-12 अंशांवर चव उघडते. मे महिन्यात मुंबईत एसी नसेल तर ग्लास भरू नका, दोन-दोन घोट ओता.