आमची वाटचाल : पीआयपी-टू आणि आमचा गाळा

भोसरीच्या आमच्या गाळ्यातून पंपांचे पार्ट गेले, गिअरबॉक्सची केसिंग गेली. त्या कामांनी घर चालवलं. पण आम्ही कोण हे ठरलं नायोबियम या धातूमुळे.

अमेरिकेत शिकागोजवळच्या फर्मीलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत पीआयपी-टू प्रकल्प चालू आहे. लिनॅक म्हणजे कणांना सरळ रेषेत वेग देणारं यंत्र; एमईव्ही हे कणाच्या ऊर्जेचं माप. जुन्या ४०० एमईव्हीच्या लिनॅकच्या जागी ८०० एमईव्हीचा सुपरकंडक्टिंग, म्हणजे अतिथंड करून विजेचा रोध जवळजवळ संपवलेला, लिनॅक येतोय. न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांचा अभ्यास करणाऱ्या ड्यून प्रयोगासाठी १.२ मेगावॉटचा प्रोटॉन बीम द्यायचा आहे. भूमिपूजन मार्च २०१९ मध्ये झालं. आपल्या अणुऊर्जा विभागाच्या संस्थाही त्यात भागीदार आहेत. आमच्याकडे आलं ते ६५० मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटीच्या हाफ-सेलचं टूलिंग: डाय, पंच आणि ट्रिमिंगचं, म्हणजे कडा कापताना वाटी धरून ठेवणारं, फिक्सचर. कॅव्हिटी म्हणजे प्रोटॉनला वेग देणारं नायोबियमचं पोकळ भांडं; हाफ-सेल म्हणजे ते ज्या वाट्या जोडून बनतं त्यातली एक वाटी.

अण्णा आमचे टूलमेकर, पहिल्या दिवसापासूनचे भागीदार. त्यांनी आधीच बजावलं, "नायोबियमला वेगळा लेथ. लोखंड कापलेला इन्सर्ट, कापायचं पातं, त्या लेथवर दिसता कामा नये." नायोबियम चिकट असतं, टूलला धरतं आणि पृष्ठभाग ओरबाडतं. लोखंडाचा कण रुतून राहिला तर २ केल्विनला (सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअस) नेमकं तिथंच तापतं आणि कॅव्हिटी क्वेंच होते, म्हणजे तिची सुपरकंडक्टिंग अवस्था मोडते. हाफ-सेलचा इक्वेटर, म्हणजे वाटीची रुंद कडा, नीट ट्रिम झाला नाही तर इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंगला जोड बसत नाही आणि फ्रिक्वेन्सी सरकते. अण्णांनी फिक्सचरचे जबडे अ‍ॅल्युमिनियमचे केले, वाटी दबू नये म्हणून आतून आधार दिला. ते फिक्सचर आजही आमच्या टूलरूममध्ये आहे आणि त्याच्या तोडीचं मी दुसरं पाहिलेलं नाही.

प्रोटोटाइप पास झाला आणि काम थांबलं. अशा प्रकल्पात प्रत्येक टप्प्याला मंजुरी लागते. अमेरिकी सरकारच्या मंजुरीचे टप्पे असे: सीडी-२ डिसेंबर २०२०, सीडी-३ एप्रिल २०२२. कॅव्हिटीची थंड चाचणी, रिव्ह्यू, मग पुढचं. त्या वेळापत्रकात आमच्या नव्या लेथचा हप्ता कुठेच नव्हता. बँकेनं तगादा लावला, दोन चांगले ऑपरेटर सोडून गेले, अण्णांनी स्वतःचा पगार घेतला नाही.

शेवटी टेंडर निघालं आणि दुसरी एक मोठी फर्म एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराची, आली. त्यांचा माणूस आधी "सहज बघायला" म्हणून आमच्याकडे येऊन गेला होता, फिक्सचरभोवती बराच वेळ घुटमळला होता. आमच्याच घडणीचं फिक्सचर त्यांनी आमच्यापेक्षा कमी दरात टेंडरमध्ये भरलं. जबडे मात्र स्टीलचे ठेवले. माल रिजेक्ट होत गेला, मुदत संपली आणि उरलेलं काम आमच्याकडे आलं. तेव्हा आम्ही पूर्वीचाच दर लावला, वाढवला नाही.

नव्या मुलांना सांगतो. प्रोटोटाइपच्या कोटेशनमध्ये टूलिंगचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा आणि त्याचा अ‍ॅडव्हान्स घ्या. फिक्सचरच्या ड्रॉइंगवर मालकी कोणाची हे पीओमध्येच (खरेदी-आदेशात) नमूद करून घ्या. पाहुणा कितीही ओळखीचा असो, टूलरूममध्ये मोबाइल नेऊ देऊ नका.

त्या फर्मच्या माहितीपत्रकात अण्णांच्या फिक्सचरचा फोटो अजून छापला जातो, स्वतःचं काम म्हणून. आम्ही लेखी हरकत घेतली आहे. उत्तर आलेलं नाही. पुढचं पत्र वकिलामार्फत जाईल.