भरलेली बाटली

‘पुढचे दोन तास टॉयलेट मिळणार नाही, ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच जाऊन या.’ टूर मॅनेजर म्हणून गेली अकरा वर्षं मी बसच्या माइकवर हे वाक्य बोलत आलोय. गेल्या एप्रिलमध्ये बँकॉकला तेच बोललो, आणि तेव्हापासून ते माझी पाठ सोडत नाही.

ग्रुप ३४ जणांचा. बहुतेक सांगली-मिरजेकडचे, निम्म्याहून जास्त साठी उलटलेले. एप्रिल म्हणजे बँकॉकचा सगळ्यात तापलेला महिना, पण सुट्ट्या तेव्हाच, त्यामुळे टूर भरतात त्याही तेव्हाच. उन्हाचं सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, ‘आमच्याकडं चाळीस असतंय की!’ असतं, पण ते कोरडं. घाम येतो, वाळतो, अंग निवतं. बँकॉकच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो आणि आतलं माणूस शिजत राहतं.

ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो. दार उघडताच आत शिरायचं आणि ऊन चढायच्या आत बाहेर पडायचं, यावरून मी ऑफिसशी दर वर्षी भांडतो. पण सकाळी आधी रत्नांचं दुकान असतं. तिथलं कमिशन धरूनच टूरचा आकडा खाली आणलेला असतो. चार ठिकाणी फिरून सर्वांत स्वस्त टूर शोधणाऱ्यांनाही हे ठाऊक असायला हवं. त्या दिवशी दुकानातून सुटून पॅलेसच्या दारात पोहोचेपर्यंत साडेअकरा झाले.

काकू ७१ वर्षांच्या, नणंदेसोबत आलेल्या. सिंथेटिक साडी, डोक्यावर पदर, खांद्याला कापडी पिशवी. थायलंडमध्ये गाइडचं काम कायद्यानं फक्त थाई माणसालाच करता येतं. त्यामुळे आमची गाइड इंग्रजीत बोलायची आणि मी मागून हळू आवाजात मराठीत सांगायचो. पॅलेसच्या आवारातल्या वाट फ्रा केव या बुद्धमंदिराबाहेर सगळ्यांनी चपला काढल्या. फरशी तव्यासारखी तापलेली. आतली पाचूच्या बुद्धाची मूर्ती खरं तर पाचूची नव्हे, जेड किंवा जास्परसारख्या हिरव्या दगडाची, जेमतेम ६६ सेंटीमीटर उंच. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन पोशाख असतात आणि ते बदलण्याचा मान राजाचा. हे सांगितल्यावर काकू खुलल्या. म्हणाल्या, ‘आमच्या पांडुरंगालाबी उन्हाळ्यात चंदनाची उटी लावत्यात.’

त्यानंतर भोवतालच्या ओसरीतली रामायणाची भित्तिचित्रं. थाई लोक त्याला रामाकियन म्हणतात. १७८ चित्रं, सोन्याची कलाकुसर, पांढराशुभ्र मारुती. सेतू बांधताना हनुमानाला एक मत्स्यकन्या भेटते आणि दोघांचं लग्न होतं, असं गाइडनं सांगितलं. मी मराठीत सांगताना जरा अडखळलोच. काकू एकदम थांबल्या. ‘मारुतीचं लगीन? तिला सांगा, तो ब्रह्मचारी.’ सगळे हसले, गाइडसुद्धा. ‘आमच्याकडची गोष्ट अशी आहे,’ असं तिनं हात जोडून सांगितलं. काकूंना ते पटलं नाही, पण आवडलं असावं, कारण त्या मागे राहून एकेक चित्र निरखू लागल्या.

दहा मिनिटांनी मी डोकी मोजली. तेहेतीस.

काकू ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. चेहरा लाल नव्हता, राखेसारखा झाला होता. जवळ गेलो तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘भावजी, बैलं सोडली का?’

इथे मला काय करायचं ते पक्कं माहीत होतं. उन्हात चक्कर येणं वेगळं आणि माणूस असंबद्ध बोलणं वेगळं. असंबद्ध बोलायला लागलं की एक मिनिटही दवडायचं नाही आणि तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जायचा धोका असतो. जमलेला प्रत्येक जण मात्र बाटली पुढे करत होता. एक गृहस्थ तर ‘कांदा हुंगवा’ म्हणून ओरडत होते. मी सगळ्यांना मागे सारलं. काकूंना सावलीत आडवं केलं, पाय पिशव्यांवर उंच ठेवले. नणंदबाईंनी पदर आणि ब्लाउजची वरची हुकं सैल केली. गाइडला १६६९ ला, म्हणजे तिथल्या अॅम्ब्युलन्सच्या नंबरला, फोन लावायला सांगितलं. थाईत बोलणारं माणूस असलं की पत्ता समजवण्यात वेळ जात नाही. मान, काखा, मनगटं ओली करायला पाणी हवं होतं. काकूंची पिशवी उचलली तर ती जड लागली. आत सकाळी मीच दिलेली बाटली होती, रुमालात नीट गुंडाळलेली. झाकणाचं सील जसंच्या तसं. ते मी तोडलं आणि पाणी त्यांच्या मानेवर ओतलं. पहारेकऱ्यानं व्हीलचेअर आणली, दोन मुलींनी नकाशांनी वारा घातला.

हॉस्पिटलमध्ये कळलं की उष्माघाताच्या अलीकडेच निभावलं. शरीरातलं पाणी आणि सोडियम, दोन्ही उतरलेलं. त्यात बीपीची गोळी, तीही लघवी वाढवणारी. आमच्या फॉर्मवर आजारांच्या रकान्यात मुलानं ‘काही नाही’ लिहिलं होतं. विम्याचा प्रीमियम वाढू नये म्हणून लोक असं सर्रास करतात. मग कॅशलेस अडकलं आणि नणंदबाईंच्या कार्डावर पैसे भरले. आईचं दुखणं लपवून वाचवलेले ते पैसे मला अजून खुपतात.

सलाइन चढल्यावर चारच्या सुमारास काकू नीट बोलायला लागल्या. नर्सनं मिठाचं पाणी पुढे केलं. काकूंनी पेला हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. मला विचारलं, ‘बाथरूम कुठंय इथं?’ समोरचं दार दाखवलं. ते दोनदा बघून घेतलं आणि मगच प्यायल्या.

पॅलेसच्या आवारात टॉयलेट आहेत. कुठे आहेत, हेही मला माहीत आहे. तरी आम्ही ‘नाही’ सांगतो, कारण एक गेली की चार जातात, बाकीचे उन्हात तिष्ठतात आणि मग वाट फो मंदिर, ता तियेनचा बोटीचा धक्का, नदीपलीकडचं वाट अरुण, सगळंच मागे पडतं. काकूंनी ते वाक्य ऐकलं आणि मनात हिशोब केला. तक्रार न करता हा हिशोब करत जगलेल्या बायका मी घरीही पाहिल्यात. माझी आई एसटीच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायची. हे माहीत असूनही मी ते माइकवर बोलत राहिलो.

बाकीचा ग्रुप गाइडबरोबर नदी ओलांडून वाट अरुण बघून आला. एका प्रवाशानं टूर मॅनेजर अर्धा दिवस गायब होता अशी लेखी तक्रार केली. ऑफिसनं माझ्याकडून खुलासा मागितला, मी दिला. दुकानाची वेळ मात्र बदललेली नाही.

त्या रात्री रिकाम्या बसमध्ये चढलो आणि सीटच्या जाळ्यांमधल्या बाटल्या तपासल्या. पुरुषांच्या बहुतेक रिकाम्या. बायकांच्या अकरा भरलेल्या, त्यातल्या सहांचं सील तुटलेलं नव्हतं.

आता माइकवर प्रत्येक ठिकाणी टॉयलेट कुठे आहे ते सांगतो, दाखवतो, थांबतो. आधी माझ्या आवाजातली घाई काढावी लागली, तेच सगळ्यात अवघड गेलं. डिसेंबरच्या टूरमध्ये पुन्हा बाटल्या मोजल्या. एकोणीस बायकांपैकी सात जणींच्या भरलेल्याच होत्या.